मदत हवी आहे: संयुक्त शाळा अनुदान आणि संचमान्यता यांत शिक्षकांचं म्हणणं कुठे नोंदवायचं?

पाटीपेन्सिल
जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते पाचवी, पट ९३, शिक्षक चार. संयुक्त शाळा अनुदानातून, म्हणजे शाळेला वर्षाच्या खर्चासाठी मिळणाऱ्या सरकारी पैशांतून, काय घेतलं ते आम्हाला बिलं आल्यावर कळतं. शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावावर शिक्षक प्रतिनिधीची सही तेवढी लागते. यंदाच्या संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं मंजूर होतात त्यात, एक पद कमी होणार अशीही चर्चा आहे. दोन्ही बाबतींत शिक्षकांनी कधी आणि काय लिहून द्यावं? मुख्याध्यापकांशी वाद घालायचा नाही.

दप्तरदार
आधी पैशांचं. सही ही शेवटची पायरी. तिथे अडून बसलात तर वाद होतो आणि खर्च काही बदलत नाही. तुमची जागा त्याच्या आधी आहे, शाळा विकास आराखड्यात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे अनुदानाच्या वापरावर देखरेख हे समितीचं काम आहे आणि कलम २२ प्रमाणे आराखडा समितीनेच करायचा आहे. आराखडा तीन वर्षांचा, त्यात दरवर्षीचा उपआराखडा. बहुतेक शाळांत मागच्या वर्षीचाच कागद तारीख बदलून पुढे जातो. तिथेच शिक्षकांचं म्हणणं सुटतं.

समितीत तीन चतुर्थांश पालक आणि शिक्षकांचा प्रतिनिधी एकच. म्हणून बैठकीआधी चौघांनी मिळून एका पानावर मागणी लिहा: वस्तू, नग, अंदाजे किंमत, कोणत्या इयत्तेला, नसल्यामुळे काय अडतं. ‘शैक्षणिक साहित्य’ असं मोघम लिहू नका. ‘दुसरीसाठी दशक-एकक संच ६’ असं लिहिलं की पालकांनाही कळतं आणि इतिवृत्तात जसंच्या तसं जातं. ते पान सदस्य सचिव म्हणजे मुख्याध्यापकांकडे द्या आणि विषयपत्रिकेत घ्यायला सांगा.

हिशेब असा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या निकषाप्रमाणे ३१ ते १०० पटाला वर्षाला २५,००० रुपये. त्यातले किमान १० टक्के, म्हणजे २,५००, स्वच्छतेसाठी. वीजबिलाला मागच्या बारा बिलांची बेरीज बाजूला काढा. उरलं त्यात दुरुस्ती, खडू-कागद, साहित्य. ग्रंथालय आणि क्रीडा अनुदानाचं शीर्ष वेगळं, ते यात मिसळू नका. लेखापरीक्षणात तेच निघतं.

रक्कम एकदम येईलच असं नाही. मागण्यांना क्रम द्या आणि अर्धीच आली तर कुठे थांबायचं ते ठरावातच लिहा. हा क्रम नसला की मार्चच्या शेवटी जे दुकानात मिळेल ते येतं. पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी पैसे ऑनलाइन देण्याच्या प्रणालीवर, शाळेला पैसे नव्हे, खर्चाची मर्यादा मिळते. वर्ष संपलं की ती परत जाते. पुरवठादाराची नोंदणी फेब्रुवारीतच करून घ्या. बँक खात्यावरचं नाव आणि बिलावरचं नाव जुळलं नाही तर पेमेंट फिरतं, आणि दुरुस्तीला दिवस उरत नाहीत.

खडूफळा
शौचालय आणि पिण्याचं पाणी २५,००० मध्ये बसवू नका. ते काम ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घाला. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठीच बंधित होती. समितीचा ठराव ग्रामसभेत पालकांनी मांडावा, शिक्षकाने नव्हे.

हजेरीपट
पदाबद्दल. समिती शिक्षक नेमू शकत नाही, पण किती हवेत हे आराखड्यात लिहू शकते, लिहायलाच हवं. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला ६१ ते ९० पटासाठी तीन आणि ९१ ते १२० साठी चार शिक्षक. तुमचा पट ९३. तीन मुलं गणतीतून गळली की ९० होतात आणि चौथं पद जातं. मुलं वर्गात बसलेली असतात, फक्त त्यांचं आधार जुळलेलं नसतं.

संचमान्यतेला ३० सप्टेंबरचा पट धरतात, म्हणून खरी लढाई त्या तारखेच्या आधीची. जुलैमध्येच यूडायस प्लसवर (शाळा आणि विद्यार्थ्यांच्या माहितीचं सरकारी पोर्टल) आधार न जुळलेल्या मुलांची यादी काढा आणि वर्गशिक्षकांत वाटून घ्या. दोन ढीग करा. जनरल रजिस्टरमध्ये (शाळेची प्रवेश नोंदवही) नोंद बरोबर पण पोर्टलवर चुकीची: ही शाळेतूनच दुरुस्त होते. रजिस्टर आणि पोर्टल बरोबर पण आधारवर नाव, जन्मतारीख किंवा लिंग चुकलेलं: पालकांना जन्मदाखला घेऊन आधार केंद्रावर जावं लागतं, त्याला आठवडे लागतात. आधार जुळावं म्हणून जनरल रजिस्टरमध्ये खाडाखोड मात्र कधीही करू नका. पाच वर्षं पूर्ण झालेल्यांचं बायोमेट्रिक अद्ययावतीकरण पहिलीतच करून घ्या.

संचमान्यतेच्या निकषांसाठी १५ मार्च २०२४ चा शासन निर्णय वाचा. नवीन पद मिळण्याचा पट वेगळा आणि असलेलं पद टिकण्याचा वेगळा. गावोगाव गोंधळ इथेच होतो.

पाटीपेन्सिल
यादी काढूनही पद गेलं तर?

हजेरीपट
संचमान्यतेची प्रत घ्या, त्यातला पट हजेरीशी इयत्तावार ताडून पाहा. फरक असेल तर मुख्याध्यापकांमार्फत केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत, सोबत त्या मुलांची यादी, जनरल रजिस्टरचा क्रमांक आणि आधार दुरुस्तीच्या पावत्या. पोच घ्याच. समायोजन, म्हणजे जादा ठरलेल्या शिक्षकाला दुसरी शाळा देणं, होण्याआधी द्या; शिक्षक दुसऱ्या शाळेत हजर झाला की पद परत मिळवणं फार अवघड. समांतरपणे पालक कलम ३२ खाली तक्रार करू शकतात, स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. वर्तमानपत्राकडे शिक्षकांनी जाऊ नये, वर्तणूक नियमांत अडकाल.