कृष्णेची दरड सुटते आहे. वाळा लावून थांबेल का?

प्रश्न (वाळवा तालुका)
आमचा पाणंद रस्ता कृष्णेच्या दरडीला लागून जातो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत त्याची कड सुटली. मात्र पाणी चढताना काहीच झाले नाही, ते उतरल्यावर दोन-तीन दिवसांनी माती बैलगाडीएवढ्या ढेपांनी खाली बसली. गावात काँक्रीटच्या भिंतीची मागणी आहे. वाळ्याने काम भागेल का?

उत्तर (स्थापत्य अभियंता, सातारा)
आपण पाहिले ते अगदी बरोबर आहे. पुरात काळी माती पाणी पिऊन जड होते आणि नदी झपाट्याने उतरली की बाहेरून टेकू देणारे पाणी जाते, आतले मात्र तसेच राहते. त्यामुळे दरड नदीकडे घसरते. आतल्या पाण्याला वाट ठेवली नाही, तर काँक्रीटची भिंतही त्याच दाबाने कलते. वाळ्याची मुळे फारशी आडवी न पसरता सरळ खाली, चांगल्या जमिनीत तीन मीटरपर्यंत जातात आणि माती शिवल्यासारखी धरतात. परंतु प्रवाह पायथाच पोखरत असेल, तर एकटा वाळा पुरणार नाही. पायथ्याला तारेच्या जाळीतले दगड भरावेत, कारण त्यांतून पाणी झिरपते, आणि त्यांच्या वर उताराला आडव्या ओळींत, वीतभराहून कमी अंतरावर ठोंब लावावेत.

उत्तर (शेतकरी, पलूस तालुका)
वाळ्याला सावली सोसत नाही, हे लिहायचे राहिले. आमचा करंजाखालचा वाळा दोन वर्षांत विरळ झाला, उन्हातला मात्र पुरुषभर वाढला. शिवाय आम्ही जूनमध्ये लागण केली आणि खालच्या दोन ओळी ऑगस्टच्या पाण्याने उचलून नेल्या. त्यानंतर पूर ओसरल्यावर ऑक्टोबरात लावून उन्हाळाभर मोटारीचे पाणी दिले, ते ठोंब टिकले. मुळांना बाजारात भाव आहे, तेव्हा राखणही लागेल. आमच्याकडे भिलवडी-औदुंबर पट्ट्यात मगरी काठाच्या मातीत अंडी घालतात. सलग भिंत झाली तर ती जागाच जाते.

प्रश्नकर्ता
आमच्याही दरडीवर दोन करंज आहेत. ते तोडावेत का?

उत्तर (स्थापत्य अभियंता, सातारा)
मुळीच नको, त्यांच्या मुळांनीच तेवढा भाग अजून उभा आहे. त्यांच्या सावलीपुरती निर्गुडीची लागण करा. पायथ्याचे दगड किती खोल न्यायचे, हे मात्र मे महिन्यात पाणी तळाला गेल्यावर जागेवर मोजूनच ठरवावे लागेल.