‘ॲट्रिब्यूट’ला काय म्हणावं? गुणधर्म, उपाधी की शेरा?

पंचवटीकर: शेल स्क्रिप्टिंगची (संगणकाला लेखी आज्ञांची यादी देण्याची) टिपणं मराठीत लिहितोय. व्हेरिएबलला ‘चल’ म्हटलं, दहावीच्या गणितात ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ सगळ्यांनीच सोडवलीत. चलाला लागणाऱ्या ॲट्रिब्यूटला (‘हा पूर्णांक’, ‘हा बदलू नका’ अशा खुणेला) ‘गुणधर्म’ लिहिलं आणि फसलो. बॅश नावाच्या शेलमध्ये डिक्लेअर या आज्ञेला आय देऊन एक चल पूर्णांक ठरवलं, त्यात ७ ठेवले. ते दुसऱ्या चलात घेतलं आणि अधिक-बरोबरने १ मिळवला, तर ८ ऐवजी ७१! एक विद्यार्थी विचारतो, ‘सर, तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं तर त्याचा गुणधर्म तांब्यातच राहतो का?’

सिडकोवाला: पोरगं बरोबर बोलतंय, शब्द तुमचा चुकलाय. गुणधर्म वस्तूचा असतो. बॅश पूर्णांकपणा चिकटवतं चलाच्या नावाला. डॉलर लावून बाहेर येते ती नुसती अक्षरं. दुसऱ्या नावाला ती साधी अक्षरंच वाटतात, म्हणून ७ शेजारी १ चिकटला. रीड-ओन्लीचंही तेच: मूळ चल बदलत नाही, त्याची प्रत खुशाल बदला. ॲरेची (एकाच नावाखालच्या अनेक घटकांच्या यादीची) तर आणखी गंमत, नुसतं नाव दिलं तर शून्य क्रमांकाचा घटक तेवढा येतो.

गोदाघाट: ‘उपाधी’ घ्या. जास्वंदीजवळचा स्फटिक लाल दिसतो, फूल उचललं की लाली गेली. ते फूल म्हणजे उपाधी. शास्त्रातला जुना दाखला आहे.

सिडकोवाला: दाखला झकास, पण आज उपाधी म्हटलं की लोकांना पदवी आठवते.

निफाडकर: अहो, तलाठ्याकडे जाऊन या. सातबाऱ्यावरून गट नंबर आणि क्षेत्र वहीत टिपून आणलं, इतर हक्कातला सोसायटीचा बोजा टिपलाच नाही. हेच झालंय तुमचं. मी म्हणेन ‘शेरा’. शेऱ्यासकट नक्कल हवी तर डिक्लेअरला पी देऊन छापा. नुसते शेरे बघायचे तर बॅशच्या ४.४ आवृत्तीपासून महिरपी कंसात नावापुढे ॲट आणि छोटा ए लिहिता येतो.

गोदाघाट: आणि डिक्लेअरला एन दिलं तर? ती प्रत नव्हेच.

निफाडकर: ते टोपणनाव. गावात बंड्या म्हणा की कागदावरचं नाव घ्या, कर्ज एकाच माणसावर!

पंचवटीकर: ‘शेरा’ पक्का. एकच अडचण. अधिक चिन्हासह आय दिलं की पूर्णांकाचा शेरा पुसला जातो. रीड-ओन्लीचा तसा पुसत नाही. मग त्याला ‘शिक्का’ म्हणावं का?