लपणातून काढलेला फोटो 'खरा' नाही का?

खाडीकाठ: ग्रुपवर पाचू होल्याचा फोटो टाकला. ठाण्यातल्या येऊरच्या बाजूला एका खाजगी वाडीत पाणवठा केलाय, तिथल्या लपणातून, म्हणजे पक्ष्यांना दिसू नये म्हणून बसायच्या आडोशातून काढलेला. लगेच शेरा आला, "ही स्टुडिओगिरी, पक्षीनिरीक्षण नव्हे." मला अजिबात पटलेलं नाही. जंगलात पायी फिरताना पाचू होला दिसतो तो बहुधा फडफडत पळतानाच. इथे तो दबकत काठावर आला, चोच बुडवली आणि एका दमात पाणी ओढून घेतलं. बुलबुलासारखी घोटाघोटाला मान वर करावी लागत नाही त्याला. पायपीट करून हे कधी दिसलं असतं?

येऊरकर: फोटो सुरेखच असेल हो. पण पाण्याबरोबर मीलवर्म, म्हणजे आमिषाच्या अळ्या ठेवतात की नाही, ते सांगा ना! शेवाळलेला ओंडका, त्याच्या पाठीमागे भोक, भोकात अळ्या. पुढून काही दिसत नाही. मग नारिंगी कस्तुर नेमका तिथेच येऊन बसतो आणि सगळ्यांच्या वॉलवर तोच ओंडका. पक्षी तेवढा बदलतो.

सुलभा, ऐरोली: आणि पायी फिरणारे काय साधुसंत? पावसाळ्यात कर्नाळ्याकडे तिबोटी खंड्याच्या बिळासमोर ट्रायपॉडची रांग लागते. चोचीत पाल धरून आलेला पक्षी समोरच्या फांदीवर ताटकळतो, माणसं हलेपर्यंत पिल्लांकडे जात नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्यांच्या घरट्यांना त्रास देणं 'शिकार' या व्याख्येतच येतं, हे किती जणांना ठाऊक आहे? खाडीतही तेच. उडणाऱ्या फ्लेमिंगोंचे लाल-काळे पंख हवेत, म्हणून बोटवाल्याला "अजून जवळ घ्या" म्हणायचं. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेवढाच त्यांचा चरायचा वेळ, त्यातही आपण थवा उठवणार. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला तो काय यासाठी? त्यापेक्षा लपणात गप्प बसलेला माणूस परवडला.

येऊरकर: ताई, घरट्याचं शंभर टक्के मान्य. पण मग घरट्यापाशी लपणसुद्धा नको. आत शिरताना आणि बाहेर पडताना तुम्ही दिसताच की.

नवशिक्या: मी अजून लपणात बसलेलो नाही. बुकिंग करताना वाडीवाल्याला विचारायचं काय?

सुलभा, ऐरोली: पाणी रोज बदलतात का, भांडं घासतात का. शंभर पक्षी एकाच पाण्यात चोच घालणार, रोग पसरायला तेवढं पुरे. आणि पक्ष्याला बोलवायला मोबाइलवर त्याचा आवाज वाजवतात का, तेही. हो म्हणाले तर जाऊच नका.

खाडीकाठ: वाडीवाल्याला आत्ताच फोन केला. पाणी रोज बदलतो म्हणाला. अळ्या? "गिऱ्हाईकाने मागितल्या तर." येऊरकर, मी मागितल्या नव्हत्या. तेव्हा कस्तुराचा राग माझ्या होल्यावर काढू नका.

येऊरकर: बरं, होल्याला सोडलं. ओंडक्याला नाही.