शब्दचर्चा: चिनी 'जिंग शन-गाओ'ला मराठीत काय म्हणाल?

अनुवादिका: चिनी तरुणांना आपल्या उंचीची जी काळजी लागून असते, त्यावरचा एक लेख मराठीत आणतेय. चिनी मला जेमतेम वाचण्यापुरतं येतं. तीन शब्दांपाशी घोडं अडलंय: 'गाओ-फू-श्वाय', 'जिंग शन-गाओ' आणि 'शन-गाओ ज्याओ-ल्यू'. तिसऱ्याला मी 'उंचीचा न्यूनगंड' लिहिलं, तर संपादकांनी खाली लाल रेघ मारली. काय चुकलं?

सूझौकर: पहिला सोपा आहे. गाओ म्हणजे उंच, फू म्हणजे पैसेवाला, श्वाय म्हणजे देखणा. लग्नाच्या बाजारातला आदर्श मुलगा. २०१० नंतर नेटवर फार चालला हा शब्द. क्रम बघा, पैशाच्याही आधी उंची! मुलींसाठी त्याच साच्यातला 'बाय-फू-मेय' आहे: गोरी, पैसेवाली, सुंदर. तिथे उंचीच्या जागी रंग आला. आपल्याला हे काही नवीन नाही म्हणा.
उलटा शब्द 'आय-छ्योंग-त्स्वो', म्हणजे बुटका, कंगाल, कुरूप. (यातल्या 'आय'चा आईशी काही संबंध नाही.)

अनुवादिका: पहिल्याला 'उंचापुरा, देखणा, गडगंज' चालेल का?

जुनीपोथी: 'उंचापुरा' झकास आहे, पण त्यात आकडा नाही. आपले शब्द सगळे नजरेने मोजलेले: ठेंगणा, गिड्डा, बुटबैंगण, लंबूटांग, ताडमाड. 'ठेंगणीठुसकी' तर कौतुकानंही म्हणतात. 'खुजा' हल्ली माणसाला कमी आणि नेतृत्वाला जास्त लावतात.

सूझौकर: बरोबर धरलंत. तिकडे उंचीच्या शब्दात आकडा असतोच. 'ई-मी-बा', म्हणजे एक मीटर ऐंशी, एवढं म्हटलं की पुढे 'उंच' म्हणावं लागत नाही. शांघायच्या पीपल्स पार्कमध्ये शनिवार-रविवारी आईबाप उघड्या छत्र्यांवर मुलामुलींचे कागद लावून बसतात. जन्मसाल, उंची, शिक्षण, घर. आपल्या बायोडेटासारखंच, फक्त फूट-इंचांऐवजी सेंटिमीटर.
आता गंमत अशी की २०२०च्या सरकारी अहवालात १८ ते ४४ वयाच्या चिनी पुरुषांची सरासरी उंची १६९.७ सेंटिमीटर आहे, बायकांची १५८. आणि नेटवर एक जुनी शिवीवजा थट्टा आहे: १७० च्या खालचा पुरुष म्हणजे 'सान-दंग त्सान-फेय', तिसऱ्या श्रेणीचा अपंग. कोणी त्याला दुसऱ्या श्रेणीत ढकलतं. म्हणजे जवळपास निम्मे पुरुष अपंग! अपंगत्वाच्या सरकारी श्रेण्यांची भाषा उचलून केलेला शब्द आहे. लेखात आला तर कृपा करून 'दिव्यांग' लिहू नका. शिवी आहे, शिवीसारखीच लागली पाहिजे.

अनुवादिका: आलाय! मी 'ठेंगणा' लिहून मोकळी झाले होते. बदलते. आणि 'जिंग शन-गाओ'?

सूझौकर: शन-गाओ म्हणजे उंची. जिंग म्हणजे निव्वळ, बिस्किटाच्या पुड्यावर 'निव्वळ वजन' छापतात तोच. बूट, टाचा, फुगवलेले केस वजा करून उरते ती उंची.
हा शब्द मला कोशात नाही, दारात कळला. ऑफिसातल्या एका पोराला घरी जेवायला बोलावलं होतं. तिकडे आपल्यासारखेच बूट दाराशी काढतात, यजमान सपाता देतो. पोरगा उंबऱ्याबाहेर माझ्या कानाला लागत होता, आत आला तो हनुवटीशी. बुटाच्या आत पाचराच्या आकाराचा रबरी तुकडा होता, टाचेकडे जाड आणि चवड्याकडे कागदासारखा. 'नेय-दझंग-गाओ' म्हणतात अशा बुटांना, आतून उंची वाढवणारे. तो हसून म्हणाला, "जिंग शन-गाओ १६६." मग हळूच म्हणाला, पुढच्या आठवड्यात मुलीच्या घरी जायचंय, तिथेही बूट काढावे लागणार.

वऱ्हाडीपाटील: बिच्चारा! 'अनवाणी उंची' म्हणा न मग.

जुनीपोथी: पाटील, मस्त! पण 'अनवाणी'त गरिबी डोकावते. 'निव्वळ'मध्ये हिशेब डोकावतो, आणि इथे हिशेबच आहे.

अनुवादिका: 'निव्वळ उंची' पक्कं. आता न्यूनगंड. कोशात 'ज्याओ-ल्यू' म्हणजे चिंता असं दिलंय.

जुनीपोथी: गंड आत जाऊन बसलेला असतो. चिंतेला पुढचं काहीतरी दिसत असतं: नोकरी, लग्न. मला वाटतं संपादकांचा आक्षेप तिथेच असणार.

सूझौकर: आणि ती चिंता हवेतली नाही. २००१ च्या डिसेंबरात छंगदू शहरात एका बँकेने नोकरीच्या जाहिरातीत अट घातली, पुरुष १६८ च्या वर, बायका १५५ च्या वर. कायद्याचा एक विद्यार्थी कोर्टात गेला. उंचीवरून भेदभावाचा तिथला गाजलेला खटला तो.
शिवाय 'ज्याओ'चा अर्थ करपलेलं. लिहितात कसं, तर वर आखूड शेपटीचा पक्षी आणि खाली आगीचे चार ठिपके.

जुनीपोथी: अहाहा! आपल्याकडे चिता आणि चिंता यांत एका टिंबाचा फरक, त्यांच्याकडे थेट पक्षीच भाजायला ठेवलाय. 'जिवाची काहिली' जवळ जातंय, पण शीर्षकात शोभणार नाही. 'उंचीची चिंता' साधं आहे, तेच ठेवा.

वऱ्हाडीपाटील: पण हे उंचीचं याड तिथं पहिल्यापासून हाय का आत्ताचं?

सूझौकर: जुन्या चिनीत मर्द गडी म्हणजे 'छी-छ नान-अर', सात छ उंचीचा पुरुष. छ हे माप. हान काळातला, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, छ सुमारे २३ सेंटिमीटरचा, म्हणजे सात छ झाले १६१. आजचा छ मीटरचा तिसरा हिस्सा, त्याने मोजलं तर २३३! शब्द तोच राहिला, पट्टी वाढली. जुन्या पट्टीने माझ्याकडे आलेला पोरगा मर्द गड्यापेक्षा पाच सेंटिमीटर उंचच भरतो.

जुनीपोथी: आपला देह साडेतीन हातांचा, तोही ज्याच्या त्याच्या हाताने मोजलेला. त्यामुळे पैलवान असो की पोर, सगळे साडेतीनच.

वऱ्हाडीपाटील: ठेंगण्याची बाजू घेणारी एकादी म्हण असन का नाही त्यायच्यात?

सूझौकर: आहेत की. 'आटवलेलं ते सगळं अर्कच', म्हणजे आपलं मूर्ती लहान पण कीर्ती महान. 'आभाळ कोसळलं तर उंच माणसं टेकू देतील', ही माझी आवडती. आणि 'बुटक्यांतून सेनापती निवडणे' म्हणजे तंतोतंत वासरांत लंगडी गाय शहाणी. आपण लंगड्या गाईला बोललो, ते बुटक्यांना.

अनुवादिका: ही शेवटची लेखात आहेच, आणि मी 'बुटक्या सैन्याचा सेनापती' असं काहीतरी करून ठेवलंय. पळते, दुरुस्त करायला.