४०७ चे वॉल्व सील हेड न उतरवता घरी बदलता येतील का?

जुन्नरकर_४०७:
राम राम मंडळी. टाटा ४०७, ९८ चं मॉडेल, ४९७ इंजिन, टर्बो नाही. नारायणगावहून वाशीला टोमॅटो नेतो. सकाळी स्टार्टर मारला की निळा धूर असा सुटतो की गोठ्यातली म्हैस तोंड फिरवते. थोड्या वेळात बंद, मग दिवसभर काही नाही. लोडवर गाडी ओढते, चढाला पिकअप आहे तसाच. ऑईल मात्र सारखं टॉप-अप करावं लागतं. गॅरेजवाला म्हणतो बोअर-पिस्टन काढा. चुलतभाऊ म्हणतो घाट उतरताना पाय काढ, खाली आल्यावर रेस दे, धूर आला तर वॉल्व सील (वॉल्वच्या दांडीवरून ऑईल आत जाऊ न देणारी टोपी) गेले. माळशेजला करून बघितलं, काही आलं नाही. मग सील ठीक धरायचे का? टॅपेट सेटिंग मी स्वतः करतो. हवा भरून वॉल्व वर धरायला कॉम्प्रेसर नाही.

घाटकरी:
मी जाड ऑईल टाकलं, २०डब्ल्यू५०. धूर कमी झाला. एवढ्यासाठी इंजिन कशाला उघडता?

वाकडा_पाना:
जाड ऑईलने धूर कमी दिसतो, सील काही बरं होत नाही.

जुन्नरकर, ती घाटातली परीक्षा पेट्रोल गाडीची. तिथे पाय काढला की थ्रॉटल मिटतो, मॅनिफोल्डमध्ये जोराची ओढ तयार होते आणि गाईडमधून (वॉल्वची दांडी सरकते ती नळी) ऑईल खेचलं जातं. तुमच्या डिझेलला थ्रॉटलच नाही, हवा कायम मोकळी जाते. म्हणून माळशेजवरून काही ठरत नाही. तुमची खूण सकाळची आहे. वरचं ऑईल रात्रभर स्टेमवरून, म्हणजे वॉल्वच्या दांडीवरून, झिरपतं आणि सकाळी जळतं. रिंगा गेलेलं इंजिन दिवसभर धुरतं, लोडवर जास्तच. तरी खात्री करा: गरम इंजिन आयडलला ठेवून ऑईलचं झाकण काढा. भसाभस धूर फेकत असेल तर गॅरेजवाला बरोबर. आणि एअर फिल्टर ऑईलवाला असेल तर त्याची लेव्हल बघा. जास्त भरलेलं ऑईल इंजिन ओढून घेतं, आणि लोक उगाच हेड उतरवत बसतात.

दोष सीलचाच निघाला तर हेडला हात लावायची गरज नाही, कॉम्प्रेसरचीही नाही. डिझेलचा पिस्टन टॉपला हेडच्या अगदी जवळ येतो, त्यामुळे लॉक (स्प्रिंग वॉल्वला धरून ठेवणाऱ्या छोट्या पाचरी) काढल्यावर वॉल्व जरासा खाली जाऊन पिस्टनवर टेकतो. १ आणि ४ चे पिस्टन एकदम वर येतात, मग अर्धा फेरा फिरवला की २ आणि ३. रॉकर (वॉल्व दाबणारे हात) काढण्याआधीच खूण करा: चार नंबरचा एक वॉल्व बंद होत असताना दुसरा उघडायला लागला, म्हणजे एक नंबर टॉपवर. पुलीवर खडूने रेघ मारा, समोरच्या बाजूला दुसरी.

बॅटरीची वायर काढा, चाकांना दगड लावा. गाडी हलली, पिस्टन खाली गेला आणि त्याच्यामागे वॉल्व आत गेला, की मग हेड उतरवण्याशिवाय इलाज नाही. पुशरॉडच्या आणि ऑईल खाली जायच्या भोकांत चिंध्या कोंबा, नाहीतर लॉक थेट खालच्या ऑईल चेंबरमध्ये. पुशरॉड ओळीने पुठ्ठ्यात खोचून ठेवा. काही इंजिनांत रॉकर स्टँडचे बोल्ट हेडचेही असतात, तुमचे तसे आहेत का ते आधी बघा, नाहीतर हेड पॅकिंग गेलं.

नवा सील घालताना स्टेमच्या टोकाला पातळ प्लास्टिक गुंडाळा, लॉकच्या खाचेची धार सीलची ओठी कापते. ऑईल लावून, मापाच्या सॉकेटने हाताने दाबा. हातोडी नको. इनटेक-एक्झॉस्टचे सील वेगळे असतील तर पाकिटातून एकेकच काढा. व्हायटनचे मिळाले तर घ्या, उष्णतेत टिकतात.

स्प्रिंग काढलात की वॉल्व चिमटीत धरून थोडा वर उचला आणि बाजूला हलवा. खडखड वाजला तर गाईड झिजलंय, तिथे नवा सीलही लवकरच जाईल.

जुन्नरकर_४०७:
झाकण काढून बघितलं, फक्त हलकी वाफ. रॉकर स्टँडचे बोल्ट वेगळे आहेत, म्हणून उघडलं. १-४ चे सील काढले तर दगडासारखे कडक, एक हातातच मोडला. २-३ ला तीन नंबरचा एक्झॉस्ट वॉल्व हलतोय, बाकी घट्ट. आता हेड उतरवू का? टोमॅटो चालू आहे.

वाकडा_पाना:
एका गाईडसाठी सीझनमध्ये हेड काढू नका. सील घाला आणि चालवा. पुढे हेड उतरेल तेव्हा लेथवाल्याकडून गाईड बदला आणि सीट कटिंगही करून घ्या. नुसतं गाईड ठोकलं तर वॉल्व सीटच्या मधोमध बसत नाही, कॉम्प्रेशन जातं.

घाटकरी:
लॉक कसे बसवायचे? माझे तर उडून जातात.

वाकडा_पाना:
आतून ग्रीस लावा, स्टेमला चिकटून राहतात. सोडताना स्प्रिंग हळू सोडा, मग लाकडाच्या ठोकळ्याने वॉल्वच्या टोकावर हलकेच टक्. पण तेव्हा पिस्टन टॉपवर नको, थोडा खाली उतरवून घ्या.