समुद्रावरची जुनी फायबर होडी, दोन इंजिनांसकट: नर्मदेच्या पाण्यासाठी घ्यावी का?

अक्राणीकर
नमस्कार मंडळी. गाव धडगाव तालुक्यात, नर्मदेच्या काठी. सरदार सरोवराचं पाणी चढलं तशी खालची जमीन गेली, आता घर मासेमारीवरच चालतं. वडील मच्छीमार संस्थेचे सभासद. आजवर लाकडी होडी आणि वल्ही. पण जाळी लांब टाकायची आणि मासळी बर्फात पडेपर्यंत ताजी ठेवायची तर इंजिन पाहिजेच.

गुजरातच्या किनाऱ्यावर एक २१ फुटी फायबर होडी विकायला आहे. मागे यामाहाची १५ एचपीची दोन टू-स्ट्रोक इंजिनं. सगळं मिळून सव्वातीन लाख मागतोय. फोटोत होडी चकाचक, नवा निळा रंग. मालक म्हणतो, एक बंद पडलं तर दुसरं आहेच, घोर नाही. आम्ही भाऊ भाऊ मिळून पैसे घालणार, थोडे उसने. दुपारनंतर आमच्याकडे डोंगरांच्या मधून वारा सुटतो, लाटा चांगल्या उठतात. दोन छोटी बरी की एक मोठं? आणि बघायला गेल्यावर नेमकं काय बघू? मोटरसायकलच्या इंजिनापुढं मला काही कळत नाही.

गिरणाथडी
सव्वातीन लाख! भो, आमच्याकडे धरणावर साध्या होडीला लाँग टेल लावून पोरं आरामात फिरतात. पंपाचं छोटं इंजिन, लांब दांडा, टोकाला पंखा. खोड आडवं आलं की दांडा उचलायचा. गावचा कुठलाही मिस्तरी दुरुस्त करतो. समुद्राचं सामान डोंगरात कशाला चढवता?

शहाद्याचा मिस्तरी
गिरणाथडी, तुमचं धरण पसरट, वस्ती जवळ. नर्मदेच्या दरीत वारा समोरून आला की लाँग टेलवाला दांडा धरून धरून थकतो. तिथं आउटबोर्डच, म्हणजे होडीच्या मागे टांगायचं इंजिनच पाहिजे. पण कोणतं, हा प्रश्न बरोबर आहे.

अक्राणीकर भाऊ, आमच्या अहिराणीत सांगू का, दिखस तसं नही ऱ्हास. नवा रंग दिसला की मी आधी रंग कशावर मारलाय ते बघतो. तुम्ही पण तेच करा.

होडी आधी, इंजिन नंतर. इंजिन ज्या मागच्या फळीवर टांगलेलं असतं तिला ट्रान्सम म्हणतात. फायबरच्या होडीत तिच्या आत बहुतेक वेळा प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकातून पाणी शिरलं की ते आतून कुजतं आणि बाहेरून काही कळत नाही. लाकडी हातोडीने ठोकत जा. टणटण वाजलं तर ठीक, भदभद वाजलं तर आत माती झालीय. मग इंजिन वर उचलून त्याच्या खालच्या टोकावर वजन टाका आणि फळीकडे बघा. हलली, बोल्टपाशी भेग उघडली, तर चहा पिऊन परत या. दोन इंजिनांचा भार तिनं कायम सोसलाय, विसरू नका.

आता इंजिन. फोनवर सांगून ठेवा की मी येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर हात लावून बघा. गरम लागलं तर समजा, गार इंजिन सुरू होत नाही म्हणून आधीच तापवून ठेवलंय. सुरू झालं की मागून पाण्याची बारीक धार पडली पाहिजे, सलग आणि जोरात. ती थांबत थांबत येत असेल तर पंपाचा रबरी इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं चाक तरी गेलंय, नाहीतर थंड करणाऱ्या वाटा मिठाने बुजल्यात. इंपेलर स्वस्तात बदलतो. मीठ बसलेलं इंजिन खोलायचं म्हणजे निम्मे बोल्ट तुटून हातात येतात. समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याने धूत होते का, हे मालकाला विचारू नका, बोल्टांना विचारा. एक-दोन पान्याने हलवून बघा.

दुचाकीच्या मिस्तरीकडून कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं यंत्र मागून न्या. एकाच इंजिनाच्या दोन्ही सिलिंडरच्या आकड्यांत १० टक्क्यांहून जास्त फरक निघाला तर ते इंजिन सोडा. खालच्या गिअरच्या पेटीचा खालचा स्क्रू थोडा सैल करा, पण रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनाचा. आधी पाणी निघालं किंवा ऑइल दुधाळ दिसलं तर सील गेलंय. पंखा काढून मागे बघा, जाळ्याचा नायलॉन धागा गुंडाळलेला असतो, तोच सील कापतो. मासेमारीच्या इंजिनात हे इतक्या वेळा बघितलंय की माझी पहिली नजर तिथंच जाते.

आणि "दुसरं आहेच" याबद्दल. दोन्ही इंजिनांच्या पेट्रोलच्या नळ्या एकाच टाकीत आहेत का ते बघा. असतील तर पाणी मिसळलेलं पेट्रोल दोन्ही इंजिनं एकाच वेळी पितील आणि एकाच जागी बंद पडतील. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला ओल धरायची खोड आहे, होडी महिनाभर उभी राहिली की टाकीच्या तळाशी पाणी. टाक्या दोन, फिल्टर दोन, तरच इंजिनं दोन. नाहीतर एकाच इंजिनाचे दोन हप्ते भरताय.

खर्च पण धरा. १५ एचपीचं टू-स्ट्रोक पूर्ण थ्रॉटलला तासाला अंदाजे सहा लिटर खातं. दोन्ही पळवली तर बारा, ऑइल वेगळं. रोज इतकं जाळून कटला-रोहूत परवडतं का, ते वडिलांना विचारा, त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

माझं मत: एकच धडधाकट १५ किंवा २५चं, जोडीला वल्ही आणि दोर. दुसरं घ्यायचंच तर लहान घ्या. पण सौदा करण्याआधी पाण्यात चाचणी घ्याच. पाण्याच्या ड्रममध्ये नाही. पाच-सहा माणसं आणि जाळ्याच्या वजनाइतक्या पोत्या भरा, एक इंजिन बंद करून वर उचला आणि दुसऱ्यावर वाऱ्याच्या तोंडाला दहा मिनिटं पूर्ण थ्रॉटल ठेवा. मग पहिलं. जे एकट्याने होडी परत आणत नाही, ते संकटात पण आणणार नाही.

हतनूरकाठची ताई
मिस्तरी, सगळं सांगितलंत, कागद राहिले. अक्राणीकर दादा, मी आमच्या संस्थेचं लिहिण्याचं काम बघते म्हणून बोलते. इंजिनावरचा नंबर आणि बिलावरचा नंबर स्वतः जुळवून बघा, फोटोवर नाही. नंबराची पट्टी खरवडलेली असेल तर पाऊल मागे. विक्रीचा कागद स्टॅम्पवर करा आणि त्यात दोन्ही इंजिनांचे नंबर लिहा.

उसने घेण्याआधी नंदुरबारच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जा. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० मध्ये सुरू झाली. त्यात सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के, आणि अनुसूचित जाती, जमाती व महिलांना ६० टक्के मदत ठेवली होती. होडी-इंजिनाला यंदा काय मिळतं, जुन्याला चालतं का, हे तिथं विचारा. घरातल्या बाईच्या नावावर अर्ज होतो का तेही. आणि लाइफ जॅकेट माणसागणिक घ्या, पोहता येतं म्हणून टाळू नका.

अक्राणीकर
मिस्तरीकाका, ताई, खूप आभार. काल जाऊन आलो. ट्रान्सम ठीक वाजला. एक इंजिन गार होतं, दोरी दुसऱ्यांदा ओढल्यावर सुरू झालं, धार चांगली. दुसरं आम्ही पोचायच्या आधीच गरम होतं! त्याचं गिअर ऑइल चहासारखं निघालं. मालक म्हणाला, पाऊस पडला असेल. नळ्या दोन, टाकी एकच. चांगल्या इंजिनावर लाँग शाफ्ट लिहिलंय, आणि फळीची उंची टेपने मोजली तर १६ इंच भरली. हे जमतं का? आणखी एक, ही होडी चांदसैली घाटातून पिकअपवर चढेल?

शहाद्याचा मिस्तरी
पाऊस गिअरच्या पेटीत पडत नाही, भाऊ. ते इंजिन हिशोबातूनच काढा.

लाँग शाफ्ट म्हणजे खाली पाण्यात जाणारा भाग लांब, त्याला फळी साधारण २० इंच लागते. १६ वर लावलं तर खाली चार इंच जास्त लोंबेल, जोर थोडा वाया जाईल. पण तुमचं खरं दुखणं वेगळं. सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर, उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की बुडालेल्या झाडांची खोडं वितभर पाण्याखाली येतात. जितकं खाली लोंबेल तितकं आधी आपटेल. फळीवर पक्क्या सागाचा तुकडा बोल्टने कसून उंची वाढवा. जास्तीचा पंखा आणि त्याच्या पिना होडीतच ठेवा.

भाव: फक्त होडी आणि एक इंजिन, असा सौदा बोला. तो जोडीनेच विकतो म्हणाला तर दुसऱ्याचे पैसे भंगाराच्या भावाने द्या आणि सुटे भाग म्हणून घेऊन या. कार्ब्युरेटर, कॉइल उपयोगी पडेल.

घाटाचं म्हणाल तर इंजिनं उतरवून वेगळी आणा, उभी बांधून. होडीचं टोक पिकअपच्या मागे बरंच बाहेर येणार, त्या वळणांवर एक माणूस पुढे उतरून चालला पाहिजे. शक्यतो सकाळी निघा, बसची वेळ टाळून.