बोटीचा शोअर पॉवरचा प्लग करपलाय, आणि हिवाळाभर चार्जर चालू ठेवावा की नाही? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

साधारण ९ मीटरची जुनी फायबरची बोट आहे. हिवाळ्यातही ती पाण्यातच असते. धक्क्यावरच्या वीजखांबापासून बोटीपर्यंत २३० व्होल्टची केबल येते, हीच शोअर पॉवर. प्लग १६ अँपिअरचा, निळा, तीन पिनांचा. बोटीच्या कडेला त्याचं झाकण असलेलं इनलेट आहे. परवा साफसफाईसाठी केबल काढली, तर बोटीकडच्या टोकाला एका भोकाभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडून थोडं फुगलेलं दिसलं. इनलेटमधली त्याच जागेची पिन काळी पडली आहे, बाकीच्या दोन पिना स्वच्छ पितळी आहेत. हुंगून पाहिलं तर जळका वास येतो.

मला घाबरवणारी गोष्ट वेगळीच आहे. खांबावरचा ब्रेकर कधी पडला नाही, बोटीतलाही नाही. ३० मिलिअँपिअरची आरसीडी (वीज कुठे गळली तर पुरवठा तोडणारा स्विच) आहे, तिचं टेस्ट बटण दाबलं की ती लगेच पडते, म्हणजे ती शाबूत आहे. मग प्लास्टिक वितळायला लागेपर्यंत यातल्या एकालाही पत्ता कसा लागला नाही? बोटीवर रात्री माणसं झोपतात. फायबरची बोट पेटली तर बाहेर पडायला किती वेळ मिळेल, हा विचार डोक्यातून जात नाही.

बोटीवर २० अँपिअरचा चार्जर आहे, एक लहान डिह्युमिडिफायर आहे आणि थंडीत २००० वॉटचा ऑइल हिटर थर्मोस्टॅटवर रात्रभर चालतो. बॅटऱ्या दोन: इंजिन सुरू करायला ७५ अँपिअर-तासांची साधी लेड-ॲसिड, पाणी घालावी लागणारी, आणि दिवे, पंप, रेडिओ यांच्यासाठी ११० अँपिअर-तासांची एजीएम (ॲसिड काचतंतूंच्या थरात शोषलेली, बंद लेड-ॲसिड). चार्जरला बॅटरीचं तापमान बघणारा सेन्सर नाही. बॅटऱ्यांच्या कप्प्यात ऐन थंडीत तापमान शून्याखाली ८ ते १० अंशांपर्यंत उतरतं.

सल्ले उलटसुलट मिळताहेत. शेजारच्या बोटीवरचे काका म्हणतात, चार्जर हिवाळाभर बंद करू नकोस, नाहीतर बॅटऱ्या गोठून फुटतील. दुसरे एक जण म्हणतात, बोटीवर कुणी नसताना केबल जोडलेली ठेवणं हाच मूर्खपणा. तिसऱ्यांनी तर प्लग नवा बसवतेच आहेस तर अर्थिंगची तार जोडूच नकोस, तुझे झिंकचे ॲनोड (बोटीचा बाकी धातू गंजू नये म्हणून स्वतः झिजणारे जस्ताचे तुकडे) लवकर झिजतात ते त्या तारेमुळेच, असं सांगितलं. ॲनोड लवकर झिजतात हे खरं आहे, पण तार तोडायला मन धजत नाही.

नुसतं केबलचं टोक बदलून भागेल, की इनलेटही बदलायला हवं? आणि बॅटऱ्यांचं हिवाळ्यात नेमकं काय करायचं? चार्जर बंद करून रात्रभर तशाच ठेवल्या आणि सकाळी मीटर लावला, तर साध्या बॅटरीला १२.७ आणि एजीएमला १२.५ व्होल्ट दिसले. सध्या केबल पूर्ण काढून ठेवली आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

*

वायरमन:

केबल काढून ठेवलीत हे उत्तम. ती तशीच पुन्हा लावू नका, एका रात्रीपुरतीसुद्धा नाही.

ब्रेकर का पडला नाही, ते सांगतो. ब्रेकर फक्त एवढंच बघतो की प्रवाह ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त झाला का. आरसीडी बघते की फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परत आला का. तुमच्या प्लगमध्ये या दोन्हीपैकी काहीच घडलं नाही. प्रवाह नेहमीइतकाच होता आणि सगळा परतही आला. फक्त वाटेत एका पिनेवर लूज कॉन्टॅक्ट होता. सांध्याचा रोध समजा ०.३ ओहम झाला. तुमचा हिटर सुमारे ९ अँपिअर ओढतो. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे ८१ गुणिले ०.३, सुमारे २४ वॉट. छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता एका पिनेच्या टोकाशी रात्रभर, तीही झाकणाखाली कोंडलेली. व्होल्टेज मात्र जेमतेम ३ व्होल्टनी कमी होतं, त्यामुळे दिवे मंद झालेले जाणवतही नाहीत. अशी आग थांबवणारं उपकरण तुमच्या पॅनेलमध्ये नाही. डोळे, नाक आणि हात हेच तिथे कामाचे.

आता तोच हिशेब चार्जरसाठी करा. २० अँपिअरचा चार्जर १४.४ व्होल्टवर बॅटरीला २८८ वॉट देतो, स्वतःची घट धरून २३० व्होल्टच्या बाजूने दीड-दोन अँपिअर घेतो. त्याच खराब सांध्यावर उष्णता होते १ वॉटच्या आसपास. प्लग करपवला तो हिटरनं. हिवाळ्यात अशा घटना जास्त होतात त्याचं हे मोठं कारण आहे. म्हणून 'चार्जर चालू ठेवू का' आणि 'हिटर चालू ठेवू का' हे दोन अगदी वेगळे प्रश्न समजा.

टोक आणि इनलेट दोन्ही बदला. तापलेल्या पिनेवर ऑक्साइडचा थर बसतो आणि समोरच्या स्प्रिंगचा ताण जातो. जुन्या पिनेवर नवं टोक चढवलंत तर तेही काही काळात करपेल. इनलेटच्या मागची बाजू उघडून बघा, कारण पुष्कळदा खरा दोष तिथल्या स्क्रूखाली असतो. तांबं काळं किंवा हिरवं दिसलं तर चकचकीत तांबं लागेपर्यंत तार मागे कापा. तारेच्या टोकाला सोल्डर लावून ते स्क्रूखाली दाबू नका. सोल्डर दाबाखाली हळूहळू सरकतं आणि स्क्रू सैल पडतो. दाबून बसवायची नळी, म्हणजे फेरूल, वापरा. केबलचं वजन प्लगवर लटकू देऊ नका. जवळच एका कड्याला बांधा आणि इनलेटच्या खाली थोडा झोळ ठेवा, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी प्लगमध्ये न जाता खाली ठिबकेल. उरलेली केबल घट्ट वेटोळं करून ठेवू नका, मोठ्या लोडवर वेटोळं आतून तापतं.

*

दर्यावर्दी:

वायरमन यांच्याशी सहमत. ज्यांच्याकडे १२० व्होल्टचा, ३० अँपिअरचा पिळून बसवायचा प्लग आहे त्यांनी हे दुप्पट गांभीर्यानं घ्यावं. १५०० वॉटचा हिटर २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर घेतो, १२० व्होल्टवर साडेबारा. सांधा तितकाच खराब असेल तर उष्णता जवळजवळ चौपट. त्यात तो प्लग अर्धवट पिळला गेला तरी वीज चालू होते, त्यामुळे नीट बसलाय असंच वाटतं. शेवटपर्यंत पिळायचा आणि बाहेरची रिंग आवळायची.

बॅटऱ्यांबद्दल: काकांचं म्हणणं अर्धंच खरं आहे. गोठते ती उतरलेली बॅटरी. लेड-ॲसिड पूर्ण चार्ज असेल तर तिच्यातलं ॲसिड उणे ६० अंशांच्या आसपास गोठतं, अर्धी असेल तर साधारण उणे २५ ला, आणि पार उतरलेली असेल तर उणे ७-८ लाच. तुमचा कप्पा उणे १० पर्यंत जातो, म्हणजे धोका फक्त पार उतरलेल्या बॅटरीला आहे. भरलेली बॅटरी थंडीत उलट सुखात असते. तिचं आपोआप उतरणं थंडीत खूप मंदावतं; ढोबळमानानं दर १० अंशांना निम्मं होतं. सगळ्या तारा सोडून, पूर्ण भरून ठेवलेली चांगली बॅटरी महिनोन्महिने टिकते.

तेव्हा बॅटरीला हिवाळाभर चार्जर लागत नाही. लागते ती आधी एक पूर्ण चार्जिंग आणि नंतर काही तिचं रक्त पीत नाही ना, याची खात्री. तुमच्या एजीएमचे १२.५ व्होल्ट म्हणजे ती पूर्ण भरलेली नाही, एजीएम भरल्यावर १२.८ च्या वर स्थिरावते. आणि इथे सेन्सर नसल्याचा फटका बसतोय. चार्जर समजतो की बॅटरी २५ अंशांवर आहे. १२ व्होल्टच्या लेड-ॲसिडला दर अंशाला साधारण २४ मिलिव्होल्ट जास्त द्यावे लागतात. बॅटरी शून्यावर असेल तर १४.४ च्या जागी १५ व्होल्ट हवेत. ते मिळत नाहीत, चार्जर हिरवा दिवा लावून मोकळा होतो आणि बॅटरी थोडी थोडी उपाशी राहत जाते. अशा प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे बसतात, ते नंतर निघत नाहीत. नेमका आकडा बॅटरीच्या कंपनीच्या कागदावरून घ्या, जेल प्रकारच्या बॅटरीला तर आणखी कमी व्होल्टेज चालतं. सेन्सर जोडता येणारा चार्जर घेता आला तर घ्या, नाहीतर खरी थंडी पडण्याआधी, कप्पा उबदार असतानाच पूर्ण चार्ज करा.

चार्जिंगच्या वेळी कप्प्याचं झाकण उघडं ठेवा. हवेत हायड्रोजन ४ टक्के झाला की ठिणगीनं पेट घेतो. गोठलेली किंवा फुगलेली बॅटरी दिसली तर तिला चार्जर अजिबात लावू नका.

कुणी लिथियम घ्या असं सुचवण्याआधी लिहून ठेवतो: लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर आत लिथियम धातूचा थर बसून ती कायमची बिघडते. वापरता येते, भरता येत नाही. तिला हिवाळ्यात अर्धवट भरून सोडून ठेवतात, लेड-ॲसिडच्या अगदी उलट.

*

किनाराकाठ:

अर्थिंग तोडू नका. ताई, हात जोडून सांगतो.

ॲनोड झिजतात कारण अर्थिंगच्या तारेनं तुमची बोट शेजारच्या सगळ्या बोटींच्या धातूशी जोडली जाते, आणि तुमचं झिंक त्यांचीही राखण करत बसतं. पण चार्जर किंवा हिटरमध्ये बिघाड होऊन फेज बोटीच्या धातूवर आला, तर त्याला परत जायला तीच सुरक्षित वाट असते. ती नसेल तर वीज प्रोपेलरवाटे पाण्यात उतरते. गोड्या पाण्यात हे विशेष घातक, कारण माणसाचं शरीर गोड्या पाण्यापेक्षा विजेला सोपी वाट देतं. तिथे पोहणाऱ्याचे स्नायू आखडतात, तो हाकही न मारता बुडतो. धक्क्याजवळ पोहू नये हा नियम त्यासाठीच आहे.

उपाय आहे: गॅल्व्हॅनिक आयसोलेटर. अर्थिंगच्या तारेतच बसतो. आतले डायोड एक-सव्वा व्होल्टपर्यंतचा गंजवणारा प्रवाह अडवतात, बिघाडाचा मोठा प्रवाह मात्र जाऊ देतात.

*

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. इनलेट मागून उघडलं. वायरमन म्हणाले तसंच निघालं: काळ्या पिनेच्या मागचा स्क्रू हातानं फिरत होता आणि तार चांगली वीतभर काळी पडली आहे. दोन्ही बदलते आहे, आयसोलेटरही बसवून घेणार.

मेन स्विच बंद करून बॅटरीवर मीटर लावला तरी ०.०८ अँपिअर जात होते. रेडिओची मेमरी आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म थेट बॅटरीवर आहेत. दिवसाला जवळपास २ अँपिअर-तास, महिन्याला ५८. म्हणजे महिन्याभरात एजीएम अर्ध्यावर! रेडिओची तार सोडता येईल. बोटीवर कुणी झोपणार नसेल तेव्हा अलार्मचीही सोडता येईल. पण बिल्ज पंप, म्हणजे तळाशी साचलेलं पाणी उपसणारा? बोट पाण्यात आहे, तो तर चालूच लागणार.

*

दर्यावर्दी:

बिल्ज पंपाची तार कधीही सोडायची नाही. पंप बंद असताना काही घेत नाही, फक्त पाणी वाढून त्याचा तरंगता फ्लोट स्विच वर आला की घेतो. त्यामुळे रेडिओ आणि अलार्म सुटल्यावर एजीएम फक्त पंपासाठी राखीव राहील. पंप ४ अँपिअर घेत असेल आणि रोज १० मिनिटं चालला तरी दिवसाला ०.७ अँपिअर-तास होतात. बोटीत पाणी नेमकं किती येतं ते आधी बघा, कारण पंप वारंवार चालत असेल तर बॅटरीपेक्षा गळती शोधणं जास्त निकडीचं. महिन्यातून एकदा दिवसभर बोटीवर जा, केबल जोडा, तुम्ही तिथे असेपर्यंत चार्ज करा, निघताना केबल काढा. एजीएमला शेवटची भर घालायला तास न् तास लागतात, दोन तासांत उरकत नाही. वीस-तीस वॉटचं सोलर पॅनेल कंट्रोलरसह लावलंत तर फेऱ्या कमी होतील, पण बर्फाखाली किंवा ताडपत्रीखाली गेलेलं पॅनेल काही देत नाही, त्यामुळे त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका.

*

वायरमन:

नवं बसवल्यावर एक करा. जोडताना आधी खांबावरचा ब्रेकर बंद, मग बोटीकडचं टोक, मग खांबाकडचं, शेवटी ब्रेकर चालू. काढताना ब्रेकर बंद करून खांबाकडचं टोक आधी. जोडून झाल्यावर हिटर पूर्ण लोडवर लावून अर्ध्या तासानं दोन्ही टोकांना बाहेरून हात लावा, इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर त्यानं बघा. किंचित कोमट चालेल. एक टोक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागलं तर तिथला सांधा पुन्हा उघडायचा. ही तपासणी महिन्याच्या फेरीत दर वेळी करा, आणि झोपताना हिटर २००० ऐवजी १००० वॉटवर ठेवा. प्रवाह निम्मा झाला की सांध्यावरची उष्णता चौथाई होते.